बागेतले नेपाळी कुटुंब गावात मिसळत नाही, तेव्हा काय करावे?

नमस्कार.

तुमचा प्रश्न इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात मांडतो. देवगड तालुक्यात तुमची हापूसची बाग आहे आणि गेली काही वर्षे एक नेपाळी कुटुंब तिथे बारमाही राखणीला आहे. नवरा कामसू आहे; त्याच्याशी तोडक्यामोडक्या हिंदीत निभावते. बायको मात्र वाडीत कोणाकडे जात नाही. गणपतीला तुम्ही मुद्दाम बोलावले, तर ती पायरीपर्यंत आली आणि प्रसाद घेऊन तिथूनच परत गेली. सात वर्षांचा मुलगा जूनपासून मराठी शाळेत जातो, पण तोंडातून शब्द काढत नाही. गावात बोलले जाते की ही माणसे मिसळतच नाहीत. त्यांना आपल्यात आणण्यासाठी काय करावे, आणि मुळात ते शक्य आहे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिक्षक होतो आणि शेवटची काही वर्षे केंद्रप्रमुख होतो. माझी बहुतेक नोकरी वाघोटन खाडीच्या अलीकडे, राजापूर तालुक्यातील आंब्याच्या पट्ट्यात झाली. बागांतून येणारी नेपाळी मुले पटावर घेणे, त्यांना टिकवणे आणि त्यासाठी बागायतदार, आईबाप व गाव या तिघांशी बोलणे हा त्या नोकरीचा मोठा भाग होता. निवृत्तीनंतरही हे काम सुटलेले नाही. त्या अनुभवावरून लिहितो.

‘मिसळत नाहीत’ हे गावाचे निरीक्षण बहुधा खरे असते, पण त्याचे कारण गाव त्यांच्या स्वभावात शोधतो. मला ते कारण बहुतेक वेळा त्यांचे घर कुठे आहे आणि कोणाच्या भरवशावर चालते यात सापडले आहे. बाग सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळ पठारावर असते. चारी बाजूंनी चिऱ्यांचा गडगा, मध्ये कातळावर मांगर, म्हणजे राखणदाराचे खोपट, वाडीतले शेवटचे घर पाखाडी उतरून खाली. आठवड्याचा शिधा मालक आणून देतो, फोनचे रिचार्ज मालक करतो, मुलाचे नाव शाळेत मालक घालतो, ताप आला तर मालकाच्याच गाडीतून दवाखान्यात जायचे. यात मालकाचा चांगुलपणा असतो, हे मी मान्य करतो. परंतु अशा रीतीने वर्षानुवर्षे राहणारे कुटुंब गावात राहतच नसते, ते तुमच्याकडे राहत असते. ज्यांची गावाशी ओळख एकाच माणसामार्फत आहे, त्यांनी गावात मिसळावे कसे? तेव्हा तुमचा खरा प्रश्न असा आहे की या कुटुंबाला तुम्हाला वगळून गावाशी चार नाती कशी जोडता येतील.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगतो. आपल्याकडे येणाऱ्या नेपाळी कामगारांपैकी बरेचसे त्या देशाच्या सुदूरपश्चिम भागातले असतात: कैलाली, डोटी, अछाम, बाजुरा, बझांग अशा जिल्ह्यांतले. डोंगरी शेती थोडी, हाताला काम नाही, आणि ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे सीमा ओलांडून येण्यास, इथे राहण्यास व काम करण्यास व्हिसा लागत नाही. त्यातले बहुसंख्य हंगामी असतात. दसरा-दिवाळी, म्हणजे त्यांचे दशैं आणि तिहार, घरी करून ते इकडे येतात; बागेची साफसफाई, फवारणी, मोहोराची व फळाची राखण, मग झेल्याने आंबा उतरवणे, आणि पाऊस लागण्याच्या सुमारास परत. अशा माणसाकडून गावात मिसळण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. त्याला वेळेवर मजुरी, कोरडे छप्पर आणि माणुसकीची वागणूक मिळाली की पुरे. त्याच्या मुलाचे हाल मात्र दोन्हीकडे होतात. नेपाळमधील शाळेचे वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होते आणि आपले जूनमध्ये, त्यामुळे नोव्हेंबरला येऊन मेअखेर जाणारे मूल एकही वर्ष सलग पुरे करत नाही.

तुमचे कुटुंब बारमाही आहे, म्हणून त्यांची गोष्ट वेगळी. तरीही एक गोष्ट तुम्ही परस्पर ठरवू नये, ती म्हणजे ते इथे कायमचे राहणार आहेत. विचारून पाहा, दोन-तीन वर्षांत घरी जाऊ, असेच उत्तर येईल. दहा वर्षांपूर्वी आलेला माणूसही हेच म्हणतो आणि तो खोटे बोलत नसतो. गावी म्हातारे आईबाप असतात, थोडी जमीन असते, कधी मोठे मूल आजीकडे ठेवलेले असते, कधी कर्ज असते. त्यांना ‘इकडचे की तिकडचे’ असे निवडायला लावणारा कोणताही उपाय त्यांना मागे सारतो. स्थलांतरितांच्या मानसशास्त्रावर आयुष्यभर काम केलेले कॅनडातील जॉन बेरी यांनी हा विषय दोन स्वतंत्र प्रश्नांत मांडला आहे: आपली मूळची रीत सांभाळायची का, आणि भोवतालच्या समाजाशी संबंध ठेवायचे का. दोहोंना एकाच वेळी ‘होय’ म्हणता येते, आणि असे करणारी माणसे सहसा अधिक सुखाने रुळतात, असे त्यांचे म्हणणे. मात्र दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एकट्या आलेल्या माणसाच्या हाती नसते, भोवतालचा समाज किती वाव देतो यावर ते ठरते, हेही त्यांनी सांगितले आहे. गावात ही दुसरी बाजू कोणी बोलत नाही.

आपल्याला ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये. गिरणीत नोकरीला गेलेले आपले आजे-पणजे मुंबईत कसे राहिले? एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोलीत पाळीपाळीने झोपले, आपल्याकडच्या बाईच्या खानावळीत जेवले, गावच्या मंडळाची भिशी आणि भजन सांभाळले, आणि शिमगा-गणपतीला रजा नाही मिळाली तर नोकरी सोडून गावी आले. मुंबईत उभा जन्म काढला, तरी ‘गाव’ म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर कोकणातलेच घर असे. चाकरमानी मुंबईत मिसळला नाही असे आपण कधी म्हटले नाही. त्याच्यापाशी खोली होती, मंडळ होते, दुपारच्या सुट्टीत चार लोकांत बसण्याची जागा होती. सड्यावरच्या मांगरात यातले काहीच नाही.

आता गणपतीच्या पायरीकडे येतो, कारण तुम्हाला ते लागलेले दिसते. मालकिणीने केलेले बोलावणे हे त्या बाईच्या कानाला आमंत्रण म्हणून ऐकू येत नाही. ज्यांच्या हाती घर, मजुरी आणि शिधा आहे त्यांनी ‘ये’ म्हटल्यावर यावेच लागते. आणि आल्यावर कुठे बसायचे, पाटावर की जमिनीवर, स्वयंपाकघरापर्यंत जायचे की ओटीवरच थांबायचे, हे तिला कोणी सांगितलेले नसते. बाकीच्या बायका सणाची लुगडी नेसून आल्या आहेत, आपण कामाच्या कपड्यांत आहोत, बोलता येत नाही, आणि चूक झाली तर नवऱ्याच्या नोकरीवर येईल. अशा वेळी शहाणी बाई पायरीवरूनच नमस्कार करते. तिने तुमचा मान ठेवला, असाच मी त्याचा अर्थ लावीन.

म्हणून पुढच्या वेळी बोलावणे तुमच्याकडून जाऊ देऊ नका. वाडीत तिच्या वयाची, लहान मूल असलेली, तुमच्या कामावर नसलेली एखादी बाई पाहा आणि तिच्याशी ओळख होण्याचे निमित्त जुळवा. नुसती ओळख करून देऊन ओळख होत नाही. दोघींची मुले एका वेळी अंगणवाडीत सोडायची असतील, एकाच विहिरीवर पाणी भरायचे असेल, एकाच दुकानात उधारीची वही असेल, तर ती आपोआप होते. वहीचे तर मी आवर्जून सांगतो: शिधा घरपोच देण्याऐवजी मजुरी दरमहा रोख हातात द्या आणि दुकानात त्यांच्या स्वतःच्या नावाने खाते उघडू द्या. वर्षअखेरीस उचल वजा करून हिशेब करण्याची आपल्याकडची जुनी पद्धत हिशेबाला सोयीची असेल, पण तिच्यामुळे बाईला बाजारात जाण्याचे कारणच उरत नाही. आठवड्याला एक दिवस पूर्ण सुट्टी द्या आणि त्या दिवशी बागेत फोन करू नका. गावी पैसे पाठवण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २००८ पासून भारत-नेपाळ अशी वेगळी सोय ठेवली आहे. बँकेत विचारणा करायला त्याच्याबरोबर एकदा जा, पुढच्या वेळी त्याला एकट्याला जाऊ द्या.

त्या बाईविषयी आणखी एक सांगण्यासारखे आहे आणि ते गावाला सहसा माहीत नसते. सुदूरपश्चिम नेपाळात भाद्रपदात गौरा नावाचा सण असतो. पंचमीला पाच प्रकारची धान्ये-कडधान्ये भिजत घालतात, त्याला बिरुडा म्हणतात. पुढे सप्तमी-अष्टमीच्या सुमारास शेतातल्या रोपांची गौरा बांधून घरी आणतात, सवाष्णी उपास करतात, गळ्यात दोरा बांधतात, आणि मग बायका-पुरुष हात धरून फेर धरतात व देउडा गातात. आपल्या तेरड्याच्या गौरी, त्यांचा ओवसा आणि रात्रीच्या फुगड्या ज्याने पाहिल्या आहेत त्याला यात परके असे काय वाटणार? दशैंमध्ये तर आपल्या घटाच्या रुजवणासारखेच जवाचे अंकुर रुजवतात, त्यांना जमरा म्हणतात. शेवटच्या दिवशी वडील माणसे कपाळाला दही-तांदूळ-कुंकवाचा टिळा लावून तो जमरा कानावर किंवा केसांत खोवतात. दसऱ्याला टोपीत रुजवण खोचणारे म्हातारे माझ्या लहानपणी प्रत्येक वाडीत होते. एका शाळेत आम्ही माता-पालक मेळाव्यात नेपाळी आयांना फक्त एवढेच विचारले की तुमच्याकडे गौर कशी आणतात. एक बाई आधी पदर तोंडाला लावून हसली, मग उठली, बिरुडा कसा बांधतात ते पोतडीतले मूग-चणे पदरात घेऊन दाखवू लागली, आणि शेवटी आमच्या स्वयंपाकीण मावशी तिच्याबरोबर फेरात उभ्या राहिल्या. त्या दिवशी ती बाई पाहुणी नव्हती. तिला काहीतरी येत होते आणि ते बाकीच्यांना शिकायचे होते. ‘आमच्या सणाला या’ यापेक्षा ‘तुमचा सण कसा असतो’ हा प्रश्न अधिक लवकर दार उघडतो, असा माझा अनुभव आहे.

याच संदर्भात एक नाजूक गोष्टही लिहितो. त्या भागात मासिक पाळीच्या दिवसांत बाईला घराबाहेरच्या झोपडीत राहायला लावण्याची छाउपडी नावाची प्रथा होती व काही ठिकाणी अजून आहे. नेपाळने २०१७ च्या कायद्याने ती गुन्हा ठरवली आहे. महिन्यातून काही दिवस ती बाई मांगराबाहेर पडवीत किंवा गोठ्यात झोपताना दिसली, तर थट्टा करू नका आणि तुम्ही स्वतः जाब विचारायलाही जाऊ नका. आशाताईंना सांगा, त्या शांतपणे बोलतील. ‘कडेला बसणे’ आपल्याही घरांतून फार जुन्या काळी गेलेले नाही, तेव्हा तोरा मिरवण्याचे कारण नाही. परंतु सड्यावर उघड्यावर झोपणे हे फुरशांच्या, म्हणजे विषारी सापांच्या प्रदेशात सरळ जिवावरचे आहे, म्हणून तिकडे दुर्लक्षही करू नये.

फुरशाचा विषय निघालाच आहे तर सांगतो की नव्या मुलखात रुळणे म्हणजे सण आणि भाषा एवढेच नसते. डोंगरातून आलेल्या माणसाला कातळावरच्या दगडाखाली हात घालू नये हे ठाऊक नसते, तांबड्या विंचवाची ओळख नसते, आणि दंश झाल्यावर वेळ कसा वाया घालवायचा नाही हेही नसते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील विंचूदंशाने होणारे मृत्यू कसे रोखता येतात हे दाखवून दिले, ते रुग्ण वेळेवर पोहोचले तरच. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे आणि रात्री गाडी कोणाची मिळते हे त्या दोघांना तोंडपाठ असले पाहिजे. तसेच फवारणीच्या डब्यांचे. लेबलावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा रंग कशाचा आहे ते दाखवून द्या, आणि रिकामे डबे पाण्यासाठी वापरले जात नाहीत याची खात्री करा. हे सांगणे मालक म्हणून तुमचेच काम आहे. इथे मागे सरू नका.

आता मुलाविषयी, कारण तिथे मला सर्वांत जास्त सांगायचे आहे.

सहा महिने न बोलणारे मूल म्हणजे मंद मूल, असा निष्कर्ष शाळेत फार लवकर काढला जातो. नवी भाषा कानावर पडू लागली की पुष्कळ मुले काही आठवडे, कधी काही महिने, नुसती ऐकत राहतात. भाषा शिकवणाऱ्यांना हा मौनाचा काळ परिचित आहे. त्याची परीक्षा सोपी आहे. तो घरी आईशी, धाकट्या भावंडाशी नीट बोलतो का? बाईंनी ‘पाटी आण’, ‘खिडकी लाव’ म्हटले तर तसे करतो का? दोन्हींचे उत्तर होय असेल तर तो शिकतो आहे, त्याला शिकू द्या. घरीही तो गप्प असेल किंवा मागून हाक मारली तर वळत नसेल, तर मात्र वाट पाहू नका. शाळा आणि अंगणवाड्यांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, त्यांच्याकडून कान तपासून घ्यायला मुख्याध्यापकांना सांगा.

शिकत असलेल्या मुलाला एकट्याला उभे करून ‘बोल, तुझे नाव काय’ असे विचारणे हा त्याला गप्प ठेवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. आम्ही त्याला समूहात बोलू देत असू: प्रार्थना, पाढे, कविता, जिथे तीस आवाजांत आपला आवाज लपतो. वर्गातील सर्वांत बडबड्या मुलाशेजारी त्याला बसवावे आणि घंटा देणे, पाण्याची टाकी भरली की सांगणे असे न बोलता करता येणारे, पण मानाचे काम द्यावे. वर्गात गप्प राहणारा मुलगा लगोरीच्या डावात भांडण झाले की घडाघड बोलतो, हे मी पुष्कळ वेळा पाहिले आहे. तो बोलतो ती पाठ्यपुस्तकातली मराठी नसते, वाडीतली असते. तुमच्याकडे तो ‘खंय’ म्हणेल. तिथे लगेच ‘कुठे म्हण’ असे दुरुस्त करायला कोणी जाऊ नये. वाडीची बोली बोलणारे मूल वाडीतले होऊन बसते, पुस्तकाची भाषा मागाहून येते.

या मुलांना एक मोठी सोय असते, तिचा शाळेने उपयोग करावा. नेपाळी देवनागरीतच लिहितात. भात, दूध, हात, नाक, कान हे शब्द दोन्ही भाषांत जसेच्या तसे आहेत. त्यांपासून वाचन सुरू केले की मूल पहिल्याच आठवड्यात वर्गाइतके पुढे दिसते आणि त्याची मान ताठ होते. अडतो तो ‘ळ’, कारण तो नेपाळीत नाही. ‘शाळा’चे ‘शाला’ होते, ते वर्षभरात सुटते. अधिक काळ अडतात ती तीन लिंगे. ‘तो पाणी’, ‘ती घर’ यावर वर्गाला हसू द्यायचे नाही, एवढी जबाबदारी शिक्षकाची. अछाम-डोटीकडच्या घरांत नेपाळीपेक्षाही तिथली स्थानिक बोली बोलली जाते, म्हणजे त्या मुलाची मराठी ही तिसरी किंवा चौथी भाषा असते. हे एकदा शिक्षकांच्या लक्षात आणून दिले की त्यांचा सूर बदलतो.

आईबापांना कोणी ‘घरी मराठी किंवा हिंदी बोला म्हणजे तो लवकर शिकेल’ असा सल्ला दिला असेल तर तो मागे घ्या. आईने आपल्या भाषेत गोष्ट सांगितली, रागावले, लाड केले, तरच त्या मुलाची समज वाढते, आणि त्या समजेवरच मराठी चढते. तोडक्या भाषेत बोलणाऱ्या आईकडून मूल ना तिची भाषा शिकते ना आपली. गावी फोनवर आजीशी त्याला बोलता आले पाहिजे, हेही विसरू नका. तुम्ही मात्र त्या मुलाशी आणि त्याच्या आईशी हिंदीऐवजी सरळ, सावकाश मराठीत बोला. आपल्या हिंदीने दोन्ही बाजूंना कोणाचेच काही धड पोहोचत नाही.

शाळेकडून कागदपत्रांची अडचण पुढे केली जाण्याची शक्यता आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या ‘प्रत्येक बालकाला’ लागू आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून किंवा वर्षाच्या मध्येच आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि वयाला साजेशा वर्गात घेऊन मागे राहिलेले भरून काढण्याची जबाबदारी शाळेची आहे. आधार नसल्याने मूल शाळेबाहेर ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने स्पष्ट झाले आहे. मुख्याध्यापक तरीही का कू करतात त्यामागे दुष्टपणा नसतो. संचमान्यतेसाठी, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे मंजूर करताना, आधार जुळलेल्या पटाचा आग्रह धरला जातो आणि हे मूल त्यात बसत नाही. त्यांच्याशी भांडू नका. वर्षभर रोज येणारे मूल कमी पटाच्या शाळेला हवेच असते.

गावातल्या कुजबुजीविषयी थोडेच लिहितो, कारण तिच्यावर थेट इलाज नाही. कामगारांची माहिती, छायाचित्र आणि नेपाळी नागरिकता प्रमाणपत्राची प्रत पोलीस ठाण्यात दिलेली असली की निम्मी कुजबुज थांबते. मूळ प्रमाणपत्र त्यांच्यापाशीच राहिले पाहिजे. कामगार पळून जाऊ नये म्हणून ते कपाटात ठेवणारे बागायतदार मला माहीत आहेत आणि ती गोष्ट कोणत्याही दृष्टीने योग्य नाही. दुसरे, गाव सर्व नेपाळ्यांना एक जात समजते. तसे नसते. ठकुरी आणि क्षेत्री अशा वरच्या मानलेल्या जातींच्या कुटुंबाला विश्वकर्मा किंवा सार्की अशा दलित कुटुंबाबरोबर एका मांगरात ठेवले, तर पाण्याच्या हंड्यावरून तेच ताण निघतात जे आपल्याकडे निघत. नेपाळच्या कायद्याने १९६३ मध्येच अस्पृश्यतेचा आधार काढून घेतला आहे, पण कायदा झाला म्हणून रीत लगेच सुटत नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. पुढच्या हंगामात तुम्ही ‘त्यांच्याच सोबतीला’ म्हणून दुसरे कुटुंब आणण्याचा विचार करत असाल, तर आधी त्यांना विचारा. आणि नवऱ्याला नावाने हाक मारा. प्रत्येक बागेत एक ‘बहादूर’ असतो. त्याचे खरे नाव वाडीत कोणालाही ठाऊक नसते.

हे सगळे केल्यावर किती दिवसांत फरक दिसेल, असे तुम्ही विचाराल. मुलाचा दिसेल, बहुधा याच शैक्षणिक वर्षात. बाईचा दिसायला वेळ लागेल, आणि कदाचित ती तुमच्या घरी कधीच मोकळी होणार नाही, पण अंगणवाडीच्या पायरीवर दुसऱ्या बाईशी बोलत बसलेली दिसेल. तसे झाले तर काम झाले असे समजा. नवऱ्याचे बहुतेक काही बदलणार नाही; त्याला गावाशी जेवढे लागते तेवढे त्याने केव्हाच मिळवलेले असते.

शेवटी कागदांचे. इथे मूल जन्मले असेल तर जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करून दाखला घ्यावा. आईबाप दोघेही नेपाळी असल्यामुळे त्या दाखल्याने मूल भारतीय नागरिक होत नाही, पण सोळाव्या वर्षानंतर नेपाळात त्याला नागरिकता काढायची वेळ आली की जन्माचा पुरावा लागतो. कुटुंब दुसऱ्या बागेत गेले किंवा घरी परतले, तर शाळा सोडल्याचा दाखला मागताच मिळायला हवा. तो न देण्याची मुभा मुख्याध्यापकांना नाही. दोन्ही दाखल्यांवर मुलाचे आणि वडिलांचे नाव नागरिकता प्रमाणपत्रावरील नावाशी अक्षर न् अक्षर जुळते का, ते आत्ताच शाळेत जाऊन रजिस्टरमध्ये पाहून घ्या. वडिलांच्या रकान्यात नुसते ‘बहादूर’ चढलेले असेल तर दुरुस्तीचा अर्ज याच महिन्यात द्या, कारण मूल पुढच्या शाळेत गेल्यावर तीच दुरुस्ती पंचायत समितीपर्यंत फेऱ्या मारायला लावते.